वहिनी, मग पुढं काय झालं?

वहिनी, तुमची पहिली चांगली बातमी गॅसच्या सिलेंडरची होती. अण्णांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी कॉलेजच्या ऑफिसात डबा उघडून बसले होते आणि चांदवडहून तुमचा फोन आला. भर दुपारी तुमचा फोन बघून मी घाबरलेच. आपल्यात उगाच फोन करायची पद्धत कुठे होती? नणंद-भावजयीचं बोलणं ते दिवाळीला, लग्नकार्यात, नाहीतर कोणी गेलं की. मी हातातला घास तसाच ठेवून विचारलं, "काय झालं?"

"काय नाय ताई. सिलेंडर संपलं होतं. आज मीच बदललं."

मी वाट बघत राहिले. गॅस गळला असेल, भाजलं असेल, काहीतरी असेल. शेवटी म्हटलं, "मग?"

"मग काय नाय. त्याच्यावर चहा केला."

सिलेंडर बदलायचं काम जन्मभर अण्णांचं होतं. ते खाली बसून रेग्युलेटर लावायचे तेव्हा तुम्ही पदर नाकाला लावून दारात उभ्या राहायचात, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. त्यामुळे मला राहवेना. मी विचारलं, बसताना खट् असा आवाज आला का? तुम्ही म्हणालात, "आला. पण पहिल्यांदा आला तशी मी घाबरून परत काढलं. मग परत लावलं. लय भ्या वाटत होतं." शेजारच्या कोणाला का नाही बोलावलं, असं विचारलं, तर म्हणालात, "बोलवायलाच निघाले होते. चप्पल पण घातली होती. मग दारातनं माघारी आले." का माघारी आलात? "ते नाय सांगता येत."

फोन ठेवला तेव्हा जेवायची सुट्टी संपत आली होती. शेजारच्या टेबलावरच्या बाई काळजीने म्हणाल्या, "घरी सगळं बरं आहे ना?" मी म्हटलं, "आमच्या वहिनींनी सिलेंडर बदललं." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की पुढचं सांगायचा मला धीर झाला नाही.

तुम्हाला जाऊन महिनासुद्धा झालेला नाही, आणि मला सगळ्यात आधी हा फोन आठवतो. लग्न होऊन तुम्ही आमच्या घरी आलात तेव्हा मी शाळेत होते. तेव्हाची तुमची हिरवी साडी आठवायला हवी खरं तर. पण आठवतं ते सिलेंडर. मला वाटतं, माझी तुमची खरी ओळख त्या दुपारी झाली. त्याआधी तुम्ही अण्णांची बायको होतात आणि मी अण्णांची बहीण.

त्यानंतर फोन येत गेले. रोज नाही, पण आले की दुपारीच. कधी कोथिंबीर उगवली म्हणून. कधी गुडघा धरलेला असूनही रेणुकामातेच्या पायऱ्या कठड्याला हात न लावता चढलात म्हणून. एकदा तर समोरच्या काकू तुमच्याशी बोलल्या म्हणून. भिंतीवरून काहीतरी भांडण होऊन त्यांनी कित्येक वर्षं बोलणं टाकलं होतं. मी उत्साहाने विचारलं, काय बोलल्या? "म्हणल्या, तुमचा नळ वाहतोय." आणि तुम्ही काय म्हणालात? "मी म्हणलं, बंद करते." एवढंच? "एवढंच. पण बंद करून आले तर त्या तिथंच उभ्या होत्या ताई. आत नव्हत्या गेल्या."

मला चौकशा करायची खोड लहानपणापासून आहे, ते तुम्हाला माहीत होतं. आई म्हणायची, कुंदाला पोलिसात घाला. सासरी तर या खोडीचा फार जाच झाला. सासूबाई म्हणायच्या, ही मेथी निवडतानाही पंचनामा करते. ह्यांचं म्हणणं, मला उत्तर नको असतं, तपशील हवा असतो. इतकी वर्षं हा माझा अवगुण म्हणून घरात गाजलेला. तुम्ही मात्र तो जात्यासारखा वापरलात. बातमी आणून टाकायचात आणि मी फिरवायला लागले की समाधानाने बसायचात.

आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर टाका ना, असं मीच तुम्हाला सुचवलं होतं. तुम्ही एकदा टाकलंही. येवल्याला एकट्या जाऊन आलात त्याचं. तुमच्या लेकीने, वर्षाने, तुम्हाला टाइप करायला शिकवलं होतं आणि तुम्ही लिहिलं होतं, "मी आज येवल्याला जाऊन आले". संध्याकाळी तुमचा फोन आला, तो एकच संध्याकाळचा. आवाज पडलेला.

"ताई, सगळ्यांनी मला अंगठा दाखवला."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी हसत सुटले. अहो, तो चांगल्या अर्थाने असतो, छान म्हणायचं असतं त्यांना, असं समजावलं. तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "असंल. पण आमच्याकडं अंगठा दाखवला म्हणजे काम झालं नाय असंच म्हणतात. आणि कोणी विचारलं पण नाय, कशाला गेली होती म्हणून."

मग मी विचारलं. त्या बातमीसाठी आपण किती वेळ बोललो असू! चांदवडहून मनमाड, मनमाडला गाडी बदलून येवला. खिडकीची जागा मिळाली, पण ऊन तुमच्याच बाजूला आलं. पैठणी घ्यायची नव्हती. कशी विणतात ते बघायचं होतं. लग्नापासून मनात होतं, म्हणालात. एका घरात मागावर नवरा-बायको बसले होते. तुम्ही दारात उभ्या राहून बघत होतात, तर त्या बाई म्हणाल्या, आत या, उभ्या का? मग त्यांनी तुम्हाला एकदा धाग्याचा धोटा टाकू दिला. या हातातून त्या हातात, आडवा.

"कोणता रंग होता?"

"वांगी. काठ सोनेरी."

"नीट बसला का धागा?"

"त्या म्हणल्या, बसला. काढला नाय त्यांनी. एक धागा माझ्या हातचा हाय त्या साडीत."

मी विचारलं, कोणाची असेल ती साडी. तुम्ही म्हणालात, "तेच तर. एसटीत सगळा रस्ता मी तेच लावत होते. कोणाच्या लग्नात, कोणत्या गावात. ती बाई नेसंल आणि तिला ठाऊकच नसंल." आणि मग आपण दोघी त्या बाईला रंगवत बसलो. ती उंच की बुटकी, ती पैठणी जपेल की पहिल्याच पंगतीत आमटी सांडेल. तुम्ही म्हणालात, आमटी सांडली तरी चालंल, नेसली पाहिजे.

एक गोष्ट मात्र मला तेव्हापासून खुपायची. तुम्ही फक्त चांगलंच सांगायचात. अण्णांच्या मागे एकटं राहणं सोपं नव्हतं. चाळीत साठवलेला कांदा सडला, छताला ओल आली, हे मला इतरांकडून कळायचं. वर्षा ओझरहून सारखी म्हणायची, आई, इकडे राहायला ये, जावईसुद्धा म्हणायचे. तुम्ही जात नव्हता, त्यावरून मायलेकीत बोलाचाली व्हायची, तेही मला वर्षाकडूनच कळायचं. एकदा मी सरळ विचारलं, वहिनी, वाईट कधीच का सांगत नाही? तुम्ही म्हणालात, "ते काय सांगायचं. ते गावभर आपल्या पायानं फिरतं." मी म्हटलं, तरी तुमच्या तोंडून ऐकायचंय मला. तुम्ही म्हणालात, "बघू." हा वाद आपला असाच अर्धवट राहिला. मला अजूनही वाटतं की मी बरोबर होते. तुम्हाला तसं वाटत नव्हतं, हे मला माहीत आहे.

कारण पुढे तुम्ही काय केलंत?

मागच्या वर्षी श्रावणात तुमचा फोन आला, "ताई, आज ओझरला आले वर्षाकडं. विमान एवढं खालनं गेलं, पोटाची चाकं दिसली." मी लगेच चालू झाले. कोणत्या रंगाचं, आवाज केवढा, गच्चीवर होतात का खाली. तुम्ही सगळं सांगितलंत. जावयांनी त्यांच्या विमानांच्या कारखान्यातलं काय काय सांगितलं तेही सांगितलंत. पुढे महिनाभर बातम्या ओझरच्याच. नातवाला तुमच्या हातची थालीपीठं आवडली. लिफ्टमध्ये एकट्या जायला शिकलात. खालच्या मजल्यावरच्या एका बंगाली बाईंशी मैत्री झाली, दोघींना एकमेकींची भाषा येत नाही पण भाजी एकत्र आणता. मी प्रत्येक बातमीत शिरून कोपरा न् कोपरा बघितला. मात्र तुम्ही ओझरला का आलात, ते विचारायचं मला सुचलंच नाही. आधी वर्षा कितीदा बोलावून थकली होती आणि तुम्ही हलत नव्हता. मग आताच का? मला वाटलं, आल्या शेवटी, बरं झालं.

आता मागे वळून बघते तेव्हा तुमची युक्ती मला कळते आणि तिचं नवल वाटतं. बातम्या खोट्या एकही नव्हत्या. तुम्ही मला खरी बातमी द्यायचात आणि मी तिच्या आतच प्रश्न विचारत बसायचे. बाहेरचं बघायला मला फुरसतच ठेवली नाहीत.

खरं काय ते मला वर्षाने सांगितलं. नाशिकच्या दवाखान्यात तुमचे फेरे चालू होते. औषधं चालू झाली होती आणि ती सोसत नव्हती. तुम्ही तिला शपथ घातली होती. पण एक दिवस दवाखान्यातून निघाल्यावर तिला स्वतःलाच सोसवलं नाही. तुम्हाला गाडीत बसवून ती बाजूला आली आणि तिने मला फोन केला.

दुसऱ्या दिवशी मी ओझरला आले. तुम्ही पलंगावर उशीला टेकून बसला होता, डोक्याला रुमाल. मी रागावलेच होते, ते लपवलं नाही. दारातूनच म्हटलं, "मला का नाही सांगितलं?"

तुम्ही म्हणालात, "बसा तरी."

"बसत नाही. आधी सांगा."

तुम्ही रुमाल नीट केलात. "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतं."

"मग? विचारणारच."

"मला उत्तरं ठाऊक नव्हती ताई. सिलेंडरचं ठाऊक होतं, येवल्याचं ठाऊक होतं. ह्याच्यात तुम्ही म्हणला असता, मग पुढं? तर मी काय सांगणार होते?"

मी बसले. एवढे प्रश्न विचारणारी मी, पण ज्याचं उत्तर समोरच्याकडे नाही असा प्रश्न कसा विचारायचा, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मग तुम्हीच म्हणालात, "तुमचं सांगा काही. चांगलं."

मी म्हटलं, माझं काय चांगलं असणार.

"तेच म्हणते. इतक्या फोनात तुम्ही मला तुमचं एक तरी चांगलं सांगितलं का?"

मी आठवायला लागले. आणि खरोखर, एकही आठवेना. बिचकत म्हटलं, आमच्याकडे सांगत नाहीत. आई म्हणायची, बोललं की दृष्ट लागते. तुम्ही म्हणालात, "माझी लागंल का?" मग म्हणालात, "येत्या रविवारी येताना एक घेऊन या."

ते फार अवघड गेलं मला. दर रविवारी सकाळी नाशिकहून निघताना मी बसमध्ये डोकं खाजवत बसायचे. आठवडाभर काय चांगलं झालं? ह्यांना विचारलं, तर ते म्हणाले, तू बातम्या द्यायला निघालीस की आणायला? पहिल्या रविवारी मी सांगितलं की ऑफिसातला अडकलेला प्रिंटर मी उघडून चालू केला. तुम्ही लगेच विचारलंत, "उघडला म्हणजे कुठनं?" मागून. "काय अडकलं होतं?" कागदाचा तुकडा, एवढासा. "कोणी बघितलं का?" शिपायाने बघितलं. "काय म्हणला?" आणि वहिनी, तो काय म्हणाला ते सांगताना माझा आवाज मलाच वेगळा वाटला. बातमी माझीच होती, पण तुम्ही विचारत गेलात तशी ती वाढत गेली. कुणी आपलं चांगलं ऐकून पुढं विचारलं की असं वाटतं, हे मला या वयात कळलं. म्हणून तुम्ही मला फोन करायचात. फोनवर मी तुमच्यासाठी काय करत होते ते मला स्वतःला ठाऊक नव्हतं.

त्या रविवारांत मी कितीतरी छोट्या गोष्टी आणल्या. मीठ कमी घातलेल्या लोणच्याला बुरशी आली नाही. रिक्षावाल्याशी न भांडता त्याला वळसा टाळायला लावला. मुलाने पुण्याहून आपणहून फोन केला. तुमची ताकद कमी होत गेली तसे तुमचे प्रश्नही लहान होत गेले. शेवटी शेवटी नुसतं "मग?" म्हणायचात. कधी तेवढंही न म्हणता भुवई उचलायचात.

एक मात्र तुम्ही माझं देणं ठेवलंत. आजारपणाच्या बऱ्याच आधी, चांदवडहून एकदा तुम्ही म्हणाला होता, "एक लय मोठी बातमी हाय. पण ती फोनवर नाय, समोर बसून सांगीन." मी किती मागे लागले! तुम्ही बधला नाहीत. मग समोर बसणं झालं ते असं, ओझरच्या पलंगाशी, आणि दुसरंच बोलणं होत राहिलं. एका रविवारी मी आठवण केली. वहिनी, ती मोठी बातमी? तुम्ही हसलात. म्हणालात, "ती आता लहान झाली."

"लहान तर लहान. सांगा."

"ऱ्हाऊ द्या. तिची येळ गेली."

काय होतं ते? मी वर्षाला विचारलं, तिला माहीत नाही. समोरच्या काकूंना विचारलं, त्या दहाव्याला आल्या होत्या. त्यांनाही माहीत नाही, पण त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि तुमचं अंगण त्या झाडून घेतात एवढं सांगितलं. मी रोज एकेक अंदाज बांधते. कुठे एकट्या जायचं ठरवलं होतंत? काही शिकलात? कोणाशी समेट झाला? मोठी बातमी लहान कशी होते? पुढे काही घडायचं होतं आणि ते घडणार नाही असं दिसलं, म्हणून? की तुम्ही ज्या ठिकाणी पोचला होतात तिथून सगळंच लहान दिसत होतं? मला उत्तर मिळणार नाही हे समजतं. प्रश्न मात्र थांबत नाही. आणि खरं सांगू, थांबू नये असंच वाटतं. तो आहे तोवर तुमच्याशी बोलणं चालू आहे.

तुम्ही गेलात तो रविवार नव्हता. त्याबद्दल मी लिहीत नाही. वर्षा जवळ होती, तेवढं पुरे.

आज मात्र लिहायला बसले ते एका कारणासाठी. तेराव्यानंतर वर्षा घरात नुसती वावरते आहे. जेवण करते, डबे भरते, बोलते, पण कुठे नसते. मी आज तिच्याकडे गेले होते. दुपारी बेल वाजली आणि एक गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी आत आले. अंगावर पांढरे कपडे, चेहरे पडलेले. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. ओळख कुणालाच पटली नाही, पण भेटायला आलेल्याला कोण आहात म्हणून कसं विचारायचं? त्यांना बसवलं. वर्षाने चहा टाकला. ते म्हणाले, "फार मोठा माणूस गेला. आमच्या मेव्हण्याला त्यांनीच नोकरीला चिकटवलं." वर्षाला वाटलं, अण्णांबद्दल बोलताहेत, अण्णांच्या फार ओळखी होत्या. ती मान डोलवत राहिली. ते म्हणाले, "शिस्त म्हणजे काय! सगळा सेक्शन थरथर कापायचा." मी तुमच्या फोटोकडे बघायचं टाळलं. चहा पिऊन झाला, मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "साहेबांचा फोटो दिसत नाही?"

ते चुकून आले होते. पलीकडच्या विंगमधले एक निवृत्त साहेब परवा गेले, त्यांच्याकडे जायचं होतं. त्या पत्नी तर इतक्या ओशाळल्या की पदराने तोंड पुसत राहिल्या. गृहस्थ उठले, आणि वळले तेव्हा त्यांना मागे तुमचा हार घातलेला फोटो दिसला. "या कोण?"

वर्षा म्हणाली, "माझी आई."

ते थोडे थांबले. मग पुन्हा खाली बसले. म्हणाले, "तुमच्या घरचा चहा घेतलाय. आता यांच्यासाठी बसतो थोडं." आणि खरोखर बसले, वहिनी. हात गुडघ्यांवर ठेवून, फोटोकडे बघत. त्यांच्या पत्नींनी विचारलं, तुम्ही मूळच्या कुठल्या, काय करायचात, स्वभावाने कशा होतात. वर्षाला तुमच्याबद्दल इतकं कुणीच विचारलं नव्हतं. ती सांगायला लागली, सांगता सांगता सरळ होऊन बसली. मग त्यांनी तुमच्या फोटोला नमस्कार केला, पलीकडची विंग कुठून ते विचारून घेतलं आणि गेले.

दार लावून वर्षा दाराला टेकून उभी राहिली. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, "आत्या, आईला घाबरून सगळा सेक्शन थरथर कापायचा." आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा हसली. हसत हसत खालीच बसली. मीही हसले, पण मी तिच्याकडेच बघत होते.

तुम्ही विचाराल म्हणून सगळं सांगते. मोठ्याने हसली. बराच वेळ. एक हात पोटावर होता. मग रडली, हो, पुष्कळ रडली आणि मी तिच्याजवळ फरशीवर बसून राहिले, काही विचारलं नाही. मग उठून तिने ते चार कप गोळा केले, आणि स्वयंपाकघरात जाता जाता पुन्हा एकदा हसू आलं तिला. ते तुमच्यासारखं होतं का, असं विचारलंत तर नाही, वहिनी. ते तिचं तिचंच होतं.